फुटबॉलच्या आठवणींचं पुस्तक पेठापेठांत कसं पोचवावं

प्रेसचा टेम्पो दारात आला, पोरांनी गठ्ठे उतरवले आणि आमची पुढची खोली भरली. पाचशे प्रती. बायकोनं एकदा गठ्ठ्यांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या आता कोण नेणार?"

सहा वर्षं मी त्या पुस्तकावर बसलो होतो, पण ह्या प्रश्नाचा विचार सहा मिनिटंही केला नव्हता. कोल्हापुरात एका पेठेच्या संघातून चौदा हंगाम मी बचाव फळीत खेळलो, मग सहकारी बँकेत कारकुनी केली. निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या आणि स्वतःच्या खर्चानं छापल्या. त्याला आता वर्ष झालं. त्या पाचशे प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती चालू आहे, आणि महिन्याला दोन-तीन फोन येतात: "आम्हीबी लिहिलंय, आता काय करू?" फोन करणाऱ्यांत पंच आहेत, गोलकीपर आहेत, मैदानावर चुना मारण्यात आयुष्य गेलेला एक माणूसही आहे. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपला वाचक पुस्तकाच्या दुकानात येत नाही, तो शाहू स्टेडियमच्या गॅलरीत शेंगदाणे खात बसलेला असतो. त्याला पुस्तक विकत घ्यायची सवय नाही. पण आपलं नाव छापलंय का आणि आपल्या पेठेचा हिशेब बरोबर मांडलाय का, हे तपासल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. पुढं जे काही सांगतोय ते सगळं ह्या एका खाजेवर चालतं.

छपाईला द्यायच्या आधीची कामं

प्रचार पुस्तक आल्यावर सुरू करायचा असतो, असं मी समजत होतो. खरं तर निम्मं काम हस्तलिखितातच होतं.

शेवटी नामसूची घाला. ज्याचं ज्याचं नाव पुस्तकात आलंय, त्याच्यापुढं पानांचे आकडे. चार पानं वाढतात, पण विक्रीसाठी ह्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. माणूस पुस्तक हातात घेतो, मागून उघडतो, बोट फिरवतो, स्वतःचं किंवा थोरल्या भावाचं नाव सापडलं की पान काढतो आणि उभ्या उभ्या वाचतो. माझ्या सूचीत तीनशेच्या वर नावं होती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण, संध्यामठ, फुलेवाडी, कोल्हापूरच्या सगळ्या संघांतली. त्यांतली निम्मी घरं तरी एक प्रत घेणार, असा माझा अंदाज होता आणि तो फारसा चुकला नाही.

ज्यांच्याबद्दल बरंवाईट लिहिलंय, त्यांना तो भाग आधी वाचून दाखवा. हे भित्रेपणाचं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १९८८च्या एका सामन्यातल्या मारामारीत कुणी कुणाला आधी ढकललं, ह्यावर आजही दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांचे लोक माझ्या गल्लीत राहतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. आपल्या आठवणींच्या पायी तिथवर जायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. वाचून दाखवल्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. ज्यांना वाचून दाखवलं ते सगळे "पुस्तक येतंय" म्हणून कट्ट्याकट्ट्यावर सांगत सुटले. पैसे न देता मिळालेली ही पहिली जाहिरात.

फोटोंचं प्रकरण वेगळं. जुन्या संघाचा ग्रुप फोटो आपल्या घरात आहे म्हणून तो आपला होत नाही. पेपरात आलेला फोटो असेल तर त्या पेपरची किंवा फोटोग्राफरची लेखी परवानगी घ्या. आपल्याकडं फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मी दोन फोटोग्राफरांकडं गेलो. दोघांनी पैसे मागितले नाहीत, फोटोखाली नाव आणि एकेक प्रत मागितली.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, जरूर घ्या, त्याशिवाय ऑनलाइन विक्रीला आणि ग्रंथालयांना अडचण येते. तो राजा राममोहन राय यांच्या नावाच्या केंद्र सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. "आम्ही काढून देतो, तीन हजार होतील" असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

एका दमात सांगता आलं पाहिजे

"पुस्तक कशावर आहे?" ह्या प्रश्नाला मी सुरुवातीला पाच मिनिटं उत्तर देत होतो: संस्थानकाळापासूनची परंपरा, तालमीतली कुस्ती आणि तिथंच रुजलेला फुटबॉल, राजर्षींचं नाव, आमच्या वडिलांची नोकरी. समोरच्याचं लक्ष दुसऱ्या मिनिटाला पोह्यांकडं.

शेवटी भाच्यानं सुचवलं, "मामा, हाफ टाइमला सांगताय असं समजा. पुन्हा शिट्टी व्हायच्या आत संपलं पाहिजे." मग बसलं ते असं: "बूट उसने घेऊन चौदा वर्षं पेठेसाठी खेळलेल्या एका बॅकची गोष्ट, त्यात तुझ्या काकाचा तो पेनल्टी चुकवल्याचा किस्सापण आहे." वाक्याचा पहिला अर्धा भाग ठरलेला. दुसरा समोरचा माणूस बघून बदलायचा. बाहेरगावी बोलताना काकाच्या जागी "कोल्हापुरात लोक क्रिकेट सोडून फुटबॉलला पंचवीस हजार का जमतात" असलं काहीतरी टाकायचो. आकडा गॅलरीतला आहे, मोजलेला नाही, पण असो.

पैशाचा हिशेब

हा भाग बँकेतल्या माणसानं लिहिलाय म्हणून विश्वास ठेवा. माझे आकडे देतो, तुमचे वेगळे असतील, रीत तीच.

दोनशे पानं, मध्ये सोळा पानं फोटोंची, पाचशे प्रतींना खर्च साठ हजार. म्हणजे प्रत एकशे वीसला पडली. छापील किंमत तीनशे ठेवली. वितरकानं पंचेचाळीस टक्के मागितले, म्हणजे माझ्या हातात एकशे पासष्ट. छपाई वजा जाता पंचेचाळीस, त्यातून गाडीभाडं. हाती विकताना मी अडीचशेला देत होतो, तिथं एकशे तीस सुटतात. दोनशे चाळीस प्रती हाती विकल्या की छपाईचे पैसे वसूल. म्हणून पहिल्या अडीचशे प्रती मी वितरकाला दाखवल्याच नाहीत.

प्रकाशनपूर्व सवलत ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे, ती वापरा. पुस्तक यायच्या महिनाभर आधी दोनशे रुपयांत नोंदणी. मी एक साधी पावतीवही छापली आणि प्रत्येक पेठेत एकेका विश्वासाच्या माणसाकडं दिली. एकशे बारा नोंदण्या आल्या. पैसे आगाऊ आल्यामुळं प्रेसचा दुसरा हप्ता खिशातून द्यावा लागला नाही. एक काळजी घ्या: पावतीवर "पुस्तक अमुक तारखेला मिळेल" असं लिहायचं, आणि ती तारीख प्रेसवाल्यानं सांगितलेल्या तारखेच्या तीन आठवडे पुढची घ्यायची. का, ते ज्यांनी कधी लग्नपत्रिका छापून घेतलीय त्यांना सांगायला नको.

फुकट प्रतींचा आकडा आधी ठरवून टाका. माझा साठ होता. सहा जणांनी "लेखकाची सही असलेली एक प्रत ठेव रं माझ्यासाठी" म्हटलं, तेव्हा मी सही करून अडीचशे रुपये मागायला शिकलो. पहिल्या वेळी जीभ अडखळते. दुसऱ्या वेळी अडखळत नाही.

प्रकाशकामार्फत काढत असाल तर करार वाचा: लेखकाला किती प्रती मिळणार, पुढच्या प्रती किती सवलतीत विकत घेता येणार, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कुणाकडं. एवढं तिथंच विचारलं की पुढची भांडणं टळतात.

तारीख ठरवणं

कोल्हापूरचा हंगाम थंडीत केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगनं सुरू होतो आणि मग एकेका तालमीच्या, मंडळाच्या स्पर्धा उन्हाळ्यात पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. पुस्तक हंगामाच्या सुरुवातीला आलं तर पुढचे चार-पाच महिने तुमचा वाचक दर दोन-तीन दिवसांनी एकाच जागी जमतो. पावसाळ्यात आलं तर तोच वाचक शोधत तुम्हाला घरोघर फिरावं लागतं.

तारीख काढताना लीगचं वेळापत्रक समोर ठेवा. मोठ्या दोन संघांच्या सामन्याच्या संध्याकाळी प्रकाशन ठेवलंत तर सभागृहात तुम्ही, अध्यक्ष आणि हार घेऊन आलेला माणूस एवढेच असाल.

हंगाम हुकला तर दुसरे दिवस आहेत. २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन: शाळा-कॉलेजांना त्या दिवशी पाहुणा हवाच असतो. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. आणि चार वर्षांतून एकदा येणारा विश्वचषक. २०२६ सालचा ११ जून ते १९ जुलै, पहिल्यांदाच अठ्ठेचाळीस संघ घेऊन. मैदानं तेव्हा चिखलात असतात, पण पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात आणि रात्रभर जागून मॅच बघणारी पोरं चहाच्या गाड्यावर असतात. दुसऱ्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती मी त्यासाठीच राखून ठेवल्यात.

प्रकाशन समारंभ

इथं मी मोठी चूक करणार होतो. आमच्या पेठेतली मंडळी म्हणाली, "तालमीतच करूया की. मांडव आपला, माईक आपला." मनातून मलाही तेच हवं होतं. पण एका जुन्या पंचानं कानात सांगितलं: तुझ्या तालमीत केलास तर ते पुस्तक तुझ्या पेठेचं होणार, आणि समोरच्या पेठेतला एक माणूस ते हातात धरणार नाही. मैदानावर ज्यांनी आयुष्यभर माझे पाय सोलले त्यांनाच तर मला ते विकायचं होतं.

म्हणून जागा सगळ्यांची घ्या. कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन आहे, किंवा १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. तुमच्या गावातही अशी एखादी जागा असेल जिथं कुठल्याच गटाच्या माणसाला पाय ठेवायला अवघडणार नाही.

पाहुण्यांचंही तसंच. मोठा साहित्यिक आणायचा मोह होतो. आणला तर तो चाळीस मिनिटं क्रीडा वाङ्मयाच्या परंपरेवर बोलतो आणि माणसं बाहेर तंबाखू मळत उभी राहतात. मी वेगवेगळ्या चार पेठांतले चार जुने खेळाडू व्यासपीठावर बसवले. त्यांतला एक माझा सगळ्यात मोठा वैरी. प्रत्येकाला एकच काम: पुस्तकातला एक किस्सा आपल्या बाजूनं सांगायचा. वैऱ्यानं माईक हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "पान त्र्याण्णववर ह्यानं लिहिलंय की मी ऑफसाइड होतो. मी ऑफसाइड नव्हतो." सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या दिवशी दीडशेच्या वर प्रती गेल्या, आणि त्यातल्या पुष्कळ फक्त पान त्र्याण्णव बघायला.

बाकी किरकोळ, पण अडतं ते इथंच. विक्रीचं टेबल दाराच्या आतल्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला हवं. माणूस निघताना पैसे काढतो. टेबलावर दोन पोरं ठेवा, एक पुस्तक देणारा, एक पैसे घेणारा. पन्नासच्या नोटांचा गठ्ठा सुट्ट्यासाठी. क्यूआर कोडचा फलक मोठा, आणि खातं आपल्याच नावाचं आहे ना ते आधी रुपया पाठवून बघा. आमच्या पहिल्या अर्ध्या तासाचे पैसे भाच्याच्या मित्राच्या खात्यात जमा झाले होते. मिळाले सगळे, पण रविवार गेला त्यात. सही करताना नाव विचारून, पुन्हा विचारून लिहा. "बाळासाहेब" समजून लिहिलेलं "भाऊसाहेब" खोडता येत नाही. सगळा कार्यक्रम दीड तासात गुंडाळा.

पेपरवाले

पुस्तक परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची पद्धत आहे, ती पाळाच. पण रविवारच्या पुरवणीत महिनोन् महिने रांग असते. आपल्या पुस्तकाचा दरवाजा वेगळा आहे, तो म्हणजे क्रीडा विभाग. तिथला वार्ताहर तुम्हाला ओळखतो, त्याला सामना नसलेल्या दिवशी मजकूर हवाच असतो, आणि जुना किस्सा, जुना फोटो म्हणजे त्याच्यासाठी तयार जेवण.

सकाळ, पुढारी, तरुण भारत, लोकमत, सगळ्यांच्या कोल्हापूर कचेरीत मी स्वतः गेलो. दुपारी चारच्या सुमाराला जा; संध्याकाळी सातनंतर त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. बरोबर न्यायचं ते एवढंच: पुस्तकाची प्रत, दोनशे शब्दांची तयार बातमी युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते अशा टायपात), मुखपृष्ठाचा आणि एका जुन्या सामन्याचा फोटो, फोटोत डावीकडून कोण कोण ते लिहिलेलं. बातमी पीडीएफमध्ये पाठवू नका, त्यांना ती परत टाइप करावी लागते आणि मग ती उद्यावर जाते.

बातमी "अमुक यांच्या पुस्तकाचे प्रकाशन" अशी लिहू नका. असल्या बातम्या कुणी वाचत नाही, मीही वाचत नाही. पुस्तकातली एक घटना घ्या आणि तिच्यापासून सुरुवात करा. माझी सुरू झाली चामड्याच्या चेंडूपासून. आत ब्लॅडर, वरून वादी बांधलेला, पावसात भिजला की विटेइतका जड, आणि हेडिंग करताना वादीची गाठ कपाळावर उमटायची.

आकाशवाणीला पत्र लिहा. कोल्हापूर केंद्रावर माझी पंधरा मिनिटांची मुलाखत झाली आणि नंतर गडहिंग्लजपासून फोन आले. गडहिंग्लज हे फुटबॉलवेडं गाव आहे, तिथं जायचं मला स्वतःहून सुचायला हवं होतं.

मोबाइल

माझ्या वयाच्या लोकांना इथं दोन टोकं असतात. एक तर काहीच करायचं नाही, नाही तर सकाळ-संध्याकाळ सगळ्या ग्रुपवर मुखपृष्ठ टाकत राहायचं. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला लोक म्यूट करतात, मीही दोघांना केलंय.

चाललं ते एकच: जुना फोटो टाकायचा आणि विचारायचं, "खालच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण?" उत्तरं चुकीची येतात, भांडणं होतात, कुणाची तरी मुलगी पुण्याहून लिहिते, "हे माझे बाबा." दोन दिवसांनी उत्तर आणि पानाचा क्रमांक द्यायचा. आठवड्याला एक फोटो, त्याहून जास्त नाही. वर्षभर पुरतील एवढे फोटो सगळ्यांकडं असतात, ट्रंकेत.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी केलीत तर लक्षात ठेवा, ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच तो निरोप पोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून पुस्तक देताना "माझा नंबर सेव्ह कर" एवढं सांगायला विसरू नका.

आणि कुणी कितीही जवळचा असो, पुस्तकाची पीडीएफ देऊ नका. "फक्त मला पाठव, डोळ्यांनी दिसत नाही, मोठं करून वाचतो" असं एका मित्रानं म्हटलं. मी पाठवली. नवव्या दिवशी ती मला सोलापूरच्या ग्रुपमधून परत आली, "जरूर वाचा" म्हणून. मित्र अजून मित्र आहे. आता डोळ्यांनी दिसत नसलेल्यांसाठी मी एक प्रकरण स्वतः वाचून, रेकॉर्ड करून पाठवतो.

तरुण पोरं स्थानिक सामने मोबाइलवर थेट दाखवतात, समालोचन करतात. त्यांना एक प्रत द्या आणि एवढंच सांगा, खेळ थांबला की ह्यातलं काहीतरी सांगा. खेळाडू जखमी होऊन पडला की समालोचकाला बोलायला विषय लागतो.

दुकानं आणि उधारी

दुकानात पुस्तक ठेवायचं ते प्रतिष्ठेसाठी. कमाईची आशा नको. दुकानदार विकल्यावर पैसे देतो, आणि विकलंय हे तुम्ही विचारल्यावर त्याला आठवतं. एका गावात मी वीस प्रती ठेवल्या, सात महिन्यांनी गेलो तर मालक म्हणाले, "वीस? दहा असतील." माझ्याकडं कागद नव्हता. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडं कागद नव्हता! तेव्हापासून चलनाच्या दोन प्रती, दोन्हीवर सही आणि शिक्का, आणि एका वेळी पाचच पुस्तकं. पाच संपली की पैसे घेऊन पुढची पाच.

ग्रंथालयं

हा रस्ता लांबचा, पण भरवशाचा. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी. राज्याचं ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. त्या यादीत यायला पुस्तकाची प्रत मुदतीत पाठवावी लागते, आणि हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो. डिसेंबरच्या शेवटी पुस्तक काढणाऱ्यांनी पहिल्या पानावर कुठलं वर्ष छापतोय त्याचा विचार करावा. आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला भेटा. त्यांच्याकडं मुदत कळते आणि दरवर्षीच्या ग्रंथोत्सवात टेबल कसं मिळेल तेही कळतं.

कायद्यानं एक गोष्ट सक्तीची आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. १९५४च्या कायद्याप्रमाणं प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं द्यायची असते. स्वतःच छापलं असेल तर प्रकाशक तुम्हीच. मी चार प्रती पाठवल्या. आमच्या पेठेचं नाव कोलकात्यात, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्या फुटबॉल क्लबांच्या गावात, एका फळीवर आहे, ह्याचं मला उगाचच बरं वाटतं.

जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९वं साहित्य संमेलन झालं. तिथं ओळखीच्या प्रकाशकाच्या गाळ्यात कोपरा मागून उभा राहिलो, टेबलावर तो जुना वादीचा चेंडू ठेवला. चार दिवसांत तेवीस प्रती गेल्या. चेंडू केवढ्याला, असं विचारणारे त्याहून जास्त होते.

शाळा आणि बाहेरगाव

शाळेत मुख्याध्यापकांना नंतर भेटा, आधी क्रीडाशिक्षकांना. वीस मिनिटं बोला, पुस्तकाचं नाव एकदाच घ्या, चेंडू मुलांच्या हातात फिरू द्या. मुलं पुस्तक घेत नाहीत, पण घरी जाऊन आजोबांना विचारतात, आणि आजोबा घेतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचं नाव काढलं की मागच्या बाकावरचीही माना वर करतात.

तुमच्या आठवणी जिथं जिथं खेळल्या आहेत, त्या त्या गावी पुस्तक जायला हवं. गोव्यात स्पर्धा खेळला असाल तर तिथल्या मराठी पेपरांना ते प्रकरण वेगळं काढून पाठवा. फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. मफतलाल, ओर्के, महिंद्र असल्या मुंबईच्या कंपनी संघांत किंवा कूपरेजवर रोव्हर्स चषकात खेळलेल्यांचे जुने सहकारी आता डोंबिवली-विरारला निवृत्त होऊन बसलेत. त्यांच्यातल्या एकाला शोधा, तो बाकीच्या अकरा जणांना फोन करतो.

परदेशातल्यांसाठी ई-बुक काढून ठेवा. किंडलवर मराठी चालतं. माझ्या तिथं एकतीस प्रती गेल्या. त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

टपाल

मी पुस्तक काढलं त्याच्या थोडं आधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, टपालखात्याचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं आणि कुरिअरला प्रतीमागं साठ-सत्तर रुपये जायला लागले. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट हे पुस्तकांसाठीचं नवं टपाल आलं. सुरू झालं तेव्हा तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पाकीट कुठं पोचलंय ते बघता येतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं आणि आत जाहिरात चालत नाही. तेव्हा पुढच्या कार्यक्रमाचं हँडबिल आत सरकवू नका, मी सरकवणार होतो. पुस्तक छापायच्या आधी कागद निवडतानाच वजन बघा. माझी प्रत तीनशे दहा ग्रॅम भरली. दहा ग्रॅमसाठी वरचा टप्पा. दुसऱ्या आवृत्तीला कागद एक नंबर खालचा घेतला.

चुकांची वही

पुस्तक बाहेर पडलं की दुरुस्त्या यायला लागतात. एक वही करा. तारीख, सांगणाऱ्याचं नाव, पान, त्याचं म्हणणं. वाद घालू नका, लिहून घ्या. लिहून घेतलं की माणूस शांत होतो, आणि दुसरी आवृत्ती निघाल्यावर ती विकत घ्यायला येतो, कारण त्याला बघायचं असतं की आपलं ऐकलं का.

माझ्या वहीत त्रेचाळीस नोंदी झाल्या. अठरा खऱ्या निघाल्या. जुन्या पेपरांची कात्रणं काढून तपासल्या, काही ठिकाणी दोघांचंही म्हणणं तळटिपेत दिलं. एका उपांत्य सामन्यातला बरोबरीचा गोल मी चुकून दुसऱ्याच्या नावावर घातला होता. ज्याचा होता तो गृहस्थ सत्तरीचा, काठी टेकत जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, "आयुष्यभर आमच्या गोलकीपरनं गोल खाल्ले ते चाललं. तू माझा गोल पुस्तकात खाल्लास की रं."

दुसऱ्या आवृत्तीत तो पान एकशे सतरावर आहे. त्यानं आठ प्रती नेल्या, रोख.